उसाचे पाचट : राख करावी की खत?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या साऱ्यांचे डोळे तोडीच्या चिठ्ठीकडे लागतात. टोळी कधी येणार, गाडी कधी भरणार, टनेज किती पडणार, यातच मन गुंतलेले असते. ऊस काट्यावर गेला, वजनाची पावती हातात आली, की जीव भांड्यात पडतो. मग मागे रानात जे गुडघाभर पाचट पसरलेले असते त्याच्याकडे कोण बघतो? "काडी लावा आणि मोकळे व्हा," असे म्हणून दोन-चार दिवसांत ते पेटवून दिले जाते. हंगामात संध्याकाळी कोणत्याही शिवारातून फेरी मारावी, कुठे ना कुठे धूर दिसतोच.

उसाच्या दराचा हिशेब आपण पैशापैशाने करतो. पण रानात उरलेल्या या मालाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो येथे मांडावयाचा आहे. पाचटात काय असते, जाळले तर काय जाते, ठेवले तर ते कसे कुजते, आणि खोडव्याला त्रास न होता ते रानातच कसे जिरवावे, हे क्रमाने पाहू.

पाचट किती आणि त्यात काय?

ऊस वाढत जातो तशी त्याची खालची पाने वाळत जातात. तोडणीच्या वेळी कोयत्याने सोलून टाकलेली ही वाळकी पाने म्हणजे पाचट. शेंड्याचे हिरवे वाढे वेगळे. ते जनावरांच्या पोटात जाते, त्याला गिऱ्हाईकही असते. पूर्वी पाचटालाही पुष्कळ कामे होती. छपरे शाकारायला, गोठ्यात जनावरांखाली अंथरायला, गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालायला पाचट लागे. आता घरावर पत्रा किंवा स्लॅब आला, गुऱ्हाळे कमी झाली, गोठ्यातली जनावरेही कमी झाली. त्यामुळे पाचट रानातच राहते आणि ओझे वाटू लागते.

चांगल्या पिकात एका हेक्टरला ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकरी साधारण तीन ते चार टन. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के, पालाश पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. टक्के ऐकून काही उमगत नाही, म्हणून आपण ते पोत्यांत मोजू.

एका एकरात साडेतीन टन पाचट धरा. त्यात साडेसतरा किलो नत्र झाले. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणजे हे नत्र सुमारे ३८ किलो युरियाइतके झाले. युरियाचे पोते आता ४५ किलोचे येते, तेव्हा एका पोत्याला थोडे कमी. स्फुरद सात किलो, म्हणजे १६ टक्के स्फुरद असलेले सिंगल सुपर फॉस्फेट जवळजवळ ४४ किलो. पालाश २६ ते ३५ किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशचे ५० किलोचे एक पोते, थोडे इकडे-तिकडे. थोडक्यात, एका एकरावर काडी ओढणारा गडी जवळजवळ तीन पोती खताशी खेळत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाचटातले हे अन्न पोत्यातल्या खतासारखे लगेच पिकाला मिळत नाही. पालाश त्यातल्या त्यात लवकर सुटतो, कारण तो पानाच्या पेशींत पक्का बांधलेला नसतो आणि पाण्याबरोबर बाहेर येतो. नत्र आणि स्फुरद पाचट कुजेल तसतसे मिळतात. तेव्हा पाचट ठेवले म्हणून पहिल्याच वर्षी खताची पोती बंद करा असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका.

पण या तीन पोत्यांपेक्षा मोलाची गोष्ट आहे ती कर्ब. साडेतीन टन पाचटात सव्वा टनाच्या आसपास कर्ब असतो आणि तो कोणत्याही खताच्या पोत्यात मिळत नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत "सेंद्रिय कर्ब" असा एक रकाना असतो. तो आकडा ०.५ टक्क्याच्या खाली असला की जमीन कर्बाने कमी समजतात, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर असला तर चांगली. आपली जुनी पत्रिका घरात असेल तर काढून बघा. "रान कडक झालं, नांगराला ढेकळं निघतात, पाणी मुरत नाही, खत वाढवलं तरी टनेज वाढत नाही," ही तक्रार आज गावोगाव ऐकू येते. तिचे मूळ बहुतेक वेळा याच रकान्यात सापडते. कर्ब कमी झाला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, ओल टिकत नाही आणि दिलेले खत धरून ठेवण्याची मातीची ताकदही घटते.

जाळल्याने काय होते?

पाचट पेटले की त्यातला कर्ब वायू होऊन निघून जातो. नत्राचेही तेच होते, बहुतेक सगळे नत्र धुराबरोबर जाते. गंधकही बराचसा जातो. स्फुरद आणि पालाश राखेत राहतात हे खरे, पण ती राख हलकी असते. वारा सुटला की शेजारच्या रानात, नाहीतर पहिल्या पाण्याबरोबर पाटाच्या शेवटाला.

दुसरे नुकसान मातीच्या वरच्या थरात होते. तेथे कोट्यवधी जिवाणू, बुरशी, गांडुळे यांची वस्ती असते. आगीने ती वस्ती होरपळते, वरची ओल उडून जाते आणि उघडी पडलेली जमीन फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तापू लागते.

तिसरे नुकसान थेट खोडव्याचे. खोडव्याचे कोंब बुडख्यावरच्या डोळ्यांतून येतात. पाचट बुडख्यावरच जळाले तर जमिनीलगतचे डोळे भाजतात. मग कुठे फुटवा दाट तर कुठे हातभर तुटाळ. पुढे नांग्या भरत बसावे लागते आणि मागून लावलेले रोप पहिल्या फुटव्याची बरोबरी क्वचितच करते.

चौथे नुकसान आपल्या बांधापलीकडचे आहे. दुपारी वारा फिरतो, ठिणगी उडते आणि शेजाऱ्याचा तोडणीला आलेला उभा ऊस पेटतो. जळालेला ऊस तातडीने गाळावा लागतो. तो एक-दोन दिवस जरी राहिला तरी वजन घटते आणि साखर उतरते. तोडणीच्या क्रमात गोंधळ होतो, कपात सोसावी लागते आणि वर दोन घरांचे बोलणे बंद होते. ही गोष्ट कोणत्याही गावाला नवी नाही.

मग शेतकरी पाचट का जाळतो?

शेतकरी अडाणी आहे म्हणून जाळतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटाखाली कोंब दबतात. सरीत पाणी फिरत नाही, दारे धरणारा गडी वैतागतो. खत कुठे टाकायचे कळत नाही. बगला फोडायला औत चालत नाही. उंदीर होतात, विंचू-सापाची भीती वाटते. शिवाय पाचट ठेवलेला खोडवा सुरुवातीला पिवळा दिसतो. शेजारच्या जाळलेल्या रानातला खोडवा हिरवागार आणि आपला पिवळा, हे पाहिले की घरातले म्हातारे माणूसही म्हणते, "सांगत होतो, जाळून टाक."

या सर्व अडचणींना उपाय आहे. पण आधी हा पिवळेपणा कशाने येतो ते समजून घेऊ, कारण सगळ्या पद्धतीची किल्ली तेथेच आहे.

पाचट कुजते कसे?

पाचट आपोआप कुजत नाही. ते जिवाणू आणि बुरशी खातात. या सूक्ष्म जिवांना दोन गोष्टी मुख्यतः लागतात, कर्ब आणि नत्र. कर्ब ही त्यांची भाकरी आणि नत्र हे कोरड्यास. पाचटात भाकऱ्यांची चवड आहे, पण कोरड्यास जेमतेम. वर काढलेल्या हिशेबाने सव्वा टन कर्बाला साडेसतरा किलो नत्र, म्हणजे सत्तर भाग कर्बाला एक भाग नत्र. पण जिवाणूंचा खुराक असा की, पंचवीस-तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र मिळाले तर त्यांचे भागते. पाचटात तेवढे नत्र मिळत नाही, मग ते मातीतले नत्र ओढून घेतात. नेमक्या त्याच वेळी खोडव्याच्या कोवळ्या कोंबांना नत्र हवे असते. दोघांच्या ओढाताणीत जिवाणू जिंकतात आणि खोडवा पिवळा पडतो.

हे नत्र कोठे नाहीसे होत नाही. जिवाणूंच्या शरीरात ते अडकून राहते आणि पाचट कुजून जिवाणू मरू लागले की पुन्हा मातीत मोकळे होते. पण तोपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात आणि खोडव्याचे फुटवे कमी पडलेले असतात.

म्हणून उपाय असा की, जिवाणूंचे कोरड्यास आपणच पाचटावर वाढायचे. एकरी ३२ किलो युरिया पाचटावर टाकला तर जवळजवळ १५ किलो नत्र मिळते आणि सत्तरास एक असलेले प्रमाण अडतीसास एकच्या आसपास येते. जिवाणूंना स्फुरदही लागतो, म्हणून सोबत ४० किलो सुपर फॉस्फेट. आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची संख्या सुरुवातीलाच वाढावी म्हणून ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर आणि १० किलो संवर्धन अशी जी शिफारस आपण ऐकता, तिचा हा अर्थ. राज्यात उसाचे संशोधन १९३२ सालापासून पाडेगाव येथे चालू आहे आणि पाचट न जाळता खोडवा घेण्याचे हे तंत्र तेथूनच गावोगाव पोहोचले आहे.

एक लक्षात ठेवावे. सगळाच पिवळेपणा नत्राचा नसतो. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने सारखी पिवळी होतात. वरची कोवळी पाने पांढुरकी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात तो हमखास दिसतो. त्यावर युरिया ओतून उपयोग नाही. तेथे हिराकस लागतो. तो किती व कसा द्यावा हे शेतकी सहायकास पाने दाखवून ठरवावे.

प्रत्यक्ष पद्धत

१) सुरुवात तोडणीपासून करावी. मुकादमाला आधीच सांगून ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा. बुडखा वीतभर उंच राहिला तर वरच्या डोळ्यांतून कोंब येतात. त्यांची मुळे मातीत नीट जात नाहीत आणि असा फुटवा पोसत नाही. शिवाय उसाच्या बुडाशीच साखर जास्त असते, म्हणजे उंच तोडणीत टनेज आणि उतारा दोन्ही रानात राहतात.

२) ऊस गेल्यावर आठवड्याच्या आत पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत सारखे पसरावे. दाताळ्याने हे काम लवकर होते. बुडखे पूर्ण उघडे, उन्हाला दिसले पाहिजेत. सगळ्या कामात हे काम सर्वांत महत्त्वाचे. "पाचट ठेवलं आणि खोडवा उगवलाच नाही," असे जे सांगतात त्यांच्या रानात बहुधा हेच राहून गेलेले असते.

३) उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. कोयता बोथट असला तर बुडखा पिंजतो आणि तेथून बुरशी शिरते. छाटणीनंतर शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची बुडख्यांवर फवारणी करावी.

४) सरीतल्या पाचटावर वर सांगितलेला युरिया आणि सुपर फॉस्फेट सारखे फोकावे. जिवाणू संवर्धन रासायनिक खतात मिसळू नये. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून वेगळे टाकावे.

५) लगोलग पाणी द्यावे. युरिया कोरड्या पाचटावर उन्हात पडून राहिला तर त्यातले नत्र हवेत उडून जाते, म्हणजे ज्यासाठी टाकला तेच गेले. सकाळी खत आणि त्याच दिवशी पाणी, निदान दुसऱ्या दिवशी तरी, असा बेत ठेवावा. आपली पाण्याची पाळी कधी आहे हे पाहूनच खत टाकावे.

६) पाण्यानंतर तीन-चार दिवसांनी, चालता येईल इतकी जमीन सुकल्यावर पाचट पायाने सरीत दाबून घ्यावे. मातीला चिकटलेले पाचट लवकर कुजते. वर तरंगणारे तसेच वाळत राहते.

७) खोडव्याचे खत पहारीने द्यावे. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, वाफशावर, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे चार-सहा बोटांऐवजी सरळ टीचभर धरा, पहारीने १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक घ्यावे. दोन भोकांत एक फूट अंतर ठेवावे. खताची अर्धी मात्रा या भोकांतून देऊन ती मातीने बुजवावीत. उरलेली अर्धी मात्रा १३५ दिवसांनी बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला याच रीतीने द्यावी. एकूण खत किती हे माती परीक्षणावरून ठरवावे. पाचटावर टाकलेला युरिया हा जिवाणूंचा वाटा आहे, तो खोडव्याच्या मात्रेत धरू नये.

पहारीचे काम चिकाटीचे आहे, दोन माणसे लागतात. पण खत मुळाशी जाते, उन्हाने उडत नाही, पाण्याने वाहत नाही आणि तणालाही मिळत नाही. फोकलेले खत पाचटावरच अडकून पडते, म्हणून या पद्धतीत पहारीला दुसरा चांगला पर्याय नाही.

८) या पद्धतीत बगला फोडणे, जारवा तोडणे, बांधणी करणे ही कामे करावयाची नाहीत. पाचटाखाली माती भुसभुशीत राहते, त्यामुळे ती लागतही नाहीत. सूर्यप्रकाश अडल्याने तणही कमी उगवते. बुडख्यांच्या ओळीत जे उगवेल तेवढे उपटावे. औताचा आणि भांगलणीचा हा वाचलेला खर्च पाचट पसरण्याच्या मजुरीसमोर मांडून पाहावा.

ओल मिळत राहिली तर चार-साडेचार महिन्यांत पाचट बरेचसे कुजून जाते. पावसाळा संपता-संपता सरीत हात घालावा. काळीशार, वासाला गोड माती हाताला लागते आणि गांडुळे दिसतात.

पाण्याचा फायदा

उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, कालव्याची पाळी लांबते, विजेचे वेळापत्रक आपल्याला ठाऊकच आहे. अशा वेळी पाचटाचे पांघरूण असलेल्या रानातली ओल उघड्या रानापेक्षा जास्त दिवस टिकते, कारण ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाहीत. दोन पाण्यांतले अंतर त्यामुळे वाढवता येते. किती वाढवायचे याचा एकच आकडा सर्वांना लागू होणार नाही. माळरानाची मुरमाड जमीन वेगळी आणि नदीकाठची काळी वेगळी. पाचट बाजूला सारून माती मुठीत दाबून बघावी, गोळा होत असेल तर पाण्याची घाई करू नये. पाचटाच्या रानाला जुन्या सवयीने पाळी आली की पाणी दिले, तर फायद्याऐवजी मुळे गुदमरतील.

कोठे जपावे?

पाचट सर्व रानांत सारखेच चालते असे नाही. पाणथळ आणि चोपण रानात आधीच पाणी साचते. तेथे पाचटाने ते आणखी साचून राहते. अशा ठिकाणी आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा, मग पाचटाचा विचार.

ज्या पिकात काणी, गवताळ वाढ किंवा लाल कूज यांचा मोठा प्रादुर्भाव होता, त्याचा खोडवा मुळातच ठेवू नये. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण फार असेल तर त्या रानापुरता सल्ला घेऊन निर्णय करावा. उलटपक्षी, लहान खोडव्यात येणारी खोडकीड पाचटाच्या आच्छादनाखाली कमी राहते, हाही अनुभव आहे.

खोडवा ठेवायचा तर १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवावा. उशिरा तुटलेल्या उसाच्या कोंबांवर उन्हाळा येतो. त्याचा दोष पाचटाला देऊन उपयोग नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आगीची काळजी. पसरलेले पाचट पहिले पाणी मिळेपर्यंत पेटायला टपलेले असते. रस्त्याकडेचा, बांधाकडेचा आणि विजेच्या तारांखालचा पाच-सहा फुटांचा पट्टा पाचट ओढून मोकळा ठेवावा. रानात बिडी-काडी करू देऊ नये. आपण जाळले नाही तरी शेजारचा जाळत असेल, म्हणून ज्याचे रान लागून आहे त्याला आधी सांगून ठेवावे. एका गटातील सर्वांनी मिळून पाचट ठेवायचे ठरवले तर ही भीती जवळजवळ उरत नाही.

सभासदांच्या काही शंका

"तीन फुटी सरीत पाचट मावतच नाही, पाणी कसं फिरायचं?" अरुंद सरीत एक सरी सोडून एका सरीत पाचट भरावे. मोकळ्या सरीतून पाणी फिरते, पाचटाच्या सरीत पाझरून ओल येते. जिवाणूंना ओल लागते, म्हणून पहिले एक-दोन पाणी पाचटाच्या सरीतूनही सोडावे. पुढची लागण साडेचार-पाच फुटी सरीत किंवा जोडओळ पट्ट्यात केली की हा प्रश्न राहत नाही.

"उंदीर होतात त्याचं काय?" बांध स्वच्छ ठेवावेत, बिळे दिसताच बुजवावीत, पाचटाचे ढीग करून ठेवू नयेत. सारख्या पसरून दाबलेल्या पाचटापेक्षा ढिगात उंदीर अधिक होतात.

"ठिबक आहे, नळ्या पाचटाखाली गेल्या तर?" तोडणीपूर्वी नळ्या गुंडाळून घ्याव्यात आणि पाचट सरीत ओढल्यावर बुडख्यांच्या ओळीलगत परत अंथराव्यात. ठिबकाचे पाणी बुडख्याशीच पडते, मधल्या पाचटाला ओल कमी मिळते. म्हणून सुरुवातीला शक्य असेल तर एकदा सरीने पाणी द्यावे.

"यंत्राने तोडणी झाली तर?" मग अर्धे काम झालेच समजा. यंत्र पाचटाचे तुकडे करूनच रानात टाकते. ते लवकर कुजतात. फक्त बुडख्यांवरचा थर बाजूला करावा आणि बुडखे किती उंचीवर तुटलेत ते पाहावे.

"जळणासाठी पाचटाचे गठ्ठे विकत घेतात. विकलं तर?" मिळणारे पैसे वर काढलेल्या पोत्यांच्या हिशेबाशी ताडून पाहावेत. पालाश आणि कर्ब गठ्ठ्याबरोबर गाडीत जातो, हे विसरू नये. रान कर्बाने आधीच कमी असेल तर विकू नये, हेच बरे.

"मला खोडवा ठेवायचा नाही, रान मोडायचं आहे." तरी जाळू नका. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो संवर्धन या मापाने शेणकाल्याचे थर देऊन बांधाकडेला कंपोस्ट करावे. कारखान्याचा प्रेसमड मिळत असेल तर तोही थरांत घालावा. ट्रॅक्टर असेल तर पाचटाची कुट्टी करून रोटाव्हेटरने मातीत मिसळावे. मात्र पुढच्या लागणीपूर्वी कुजायला वेळ आणि ओल द्यावी.

एवढे कराच

एकदम सर्व रान या पद्धतीने करा असा आमचा आग्रह नाही. या हंगामात तुमच्या खोडव्यातला अर्धा एकर घ्या, नाहीतर दहा गुंठे घ्या. वर सांगितल्याप्रमाणे पाचट ठेवा, एकही पायरी गाळू नका. शेजारचा तेवढाच पट्टा नेहमीच्या पद्धतीने करा. दोन्हीकडचे फुटवे मोजा, पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवा, मजुरी आणि खताचा खर्च वहीत मांडा. तोडणीला दोन्हीचे वजन वेगळे घ्या. माती परीक्षणासाठी दोन्ही ठिकाणचे नमुने आज काढा आणि तीन वर्षांनी पुन्हा काढा. कर्बाचा आकडा एका वर्षात हलत नाही. कुजताना बराचसा कर्ब जिवाणूंच्या श्वासातून उडून जातो आणि थोडाच मातीत मुरतो. म्हणून दरवर्षी पाचट ठेवत राहिले तरच तो आकडा वर सरकतो.

ज्या सभासदांची माती परीक्षणाची पत्रिका तीन वर्षांहून जुनी झाली आहे, त्यांनी तोडणीनंतर, पाचटावर खत टाकण्यापूर्वी, नमुना काढून घ्यावा. जिवाणू संवर्धनाची मागणी आपल्या गटातील शेतकी सहायकाकडे तोडणीच्या आधीच नोंदवावी, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही. संवर्धनाचे पुडके सावलीत ठेवावे आणि त्यावरची मुदत पाहूनच वापरावे.

टोळी रानात उतरेल त्या सकाळी मुकादमाला दोन गोष्टी सांगायला विसरू नका. कोयता जमिनीला टेकवून चालव, आणि जाताना पाचटाला काडी लावू नकोस.